चोरून मारलेल्या मासळीची परतफेड कोणी करायची? (कोटा कपातीची वाटणी)

दर्याची_लेक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज सुट्टी आहे तर बसलेय. माझं माहेर रत्नागिरीचं, मिरकरवाड्याजवळ, बाबा आधी खलाशी आणि मग तांडेल (बोटीचे कप्तान) होते, आणि मी गेली नऊ वर्षं स्कॉटलंडमध्ये पीटरहेडजवळ एका मासळीच्या कारखान्यात क्वालिटीच्या कामाला आहे. आमच्याकडे मुख्य माल मॅकरेल, म्हणजे आपल्या बांगड्याचा थंड पाण्यातला भाऊबंद.

विषय निघाला तो असा. समुद्रातल्या साठ्यांचा हिशेब ठेवणारी शास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, आयसीईएस, तिनं २०२६ साठी ईशान्य अटलांटिकमधल्या मॅकरेलची पकड आदल्या वर्षी सुचवलेल्या आकड्यापेक्षा ७० टक्के कमी करा असा सल्ला दिला, सगळ्या देशांची मिळून फक्त १,७४,३५७ टन. हा आकडा आला त्या दिवसापासून कँटीनमध्ये दुसरं बोलणंच नाही. आणि जुनी माणसं एकच म्हणतात, आम्ही एकदा भरलंय, आता परत आमच्याच पोटावर नको.

"एकदा भरलंय" म्हणजे काय ते नवीन लोकांसाठी सांगते. जानेवारी २००२ ते मार्च २००५ या काळात शेटलंड बेटांवरचं लर्विक आणि आमचं पीटरहेड इथे मोठ्या बोटींनी ठरवून दिलेल्या कोट्यापेक्षा प्रचंड जास्त मॅकरेल आणि हेरिंग उतरवली आणि कागदावर दाखवलीच नाही. इथे तिला ब्लॅक फिश म्हणतात. सुमारे ६ कोटी ३० लाख पौंडांचा माल. सप्टेंबर २००५ मध्ये कारखान्यांवर धाडी पडल्या तेव्हा जमिनीखालून नेलेले पाइप आणि इन्स्पेक्टरला दिसणार नाही असा दुसरा वजनकाटा सापडला.

माझं काम वजनकाट्यापाशीच असतं म्हणून मला हे फार लागतं. बोट धक्क्याला लागली की पोटातल्या टाक्यांमधून हातभर जाड पाइपनं पाण्यासकट मासळी ओढून घेतात, पुढे जाळीवर पाणी गळतं आणि मासळी पट्ट्यावरून काट्यावर येते, पडद्यावर आकडा चढत राहतो. मी मधेमधे टोपलीभर काढून मधल्या माशात थर्मामीटर खुपसते, एकेकाचं वजन करते. त्या पडद्यावरचा आकडा हाच बोटीच्या कोट्यातून वजा होतो, नंतर परत तोलून बघायला मासळी मागे उरत नाही कारण तासाभरात ते मासे कापून गोठवायला गेलेले असतात. तो आकडा खोटा असला की सगळंच खोटं.

तर पुढे काय झालं, युरोपियन युनियननं (ब्रिटन तेव्हा युनियनमध्येच होता) २००७ मध्ये नियम काढून ब्रिटन आणि आयर्लंड दोघांच्या कोट्यातून २००७ ते २०१२ अशी सहा वर्षं मासळी कापून घेतली. म्हणजे जेवढी जास्त मारली ती परत करा. बरोबरच आहे. पण कपात देशाच्या खात्यात होते हो, मग ती खाली बोटींवर वाटायची कशी? ज्यांनी एक किलो जास्त मारला नाही त्यांनीही भरायची का?

माझं मत सरळ आहे. ही कपात म्हणजे शिक्षा नाही, उसनं परत करणं आहे. ज्यानं उचललं त्यानं फेडावं. तुम्हाला काय वाटतं?

---

मालवणी_झील

ताई, एकदम मनातला लिवलास. आमच्याकडे रापण ओढूक चाळीस-पन्नास माणसा लागतत, दोरी सगळे ओढतत आणि वाटे पडतत, जाळ्याचो वाटो वेगळो, होडयेचो वेगळो, मगे माणसांचे. कोणी मासळी मधल्यामधी लंपास केल्यान तर त्याच्या वाट्यातना कापतत, शेजारच्याच्या नाय. ज्यानी खाल्ल्यान तेनीच भरूचा. ह्यात विचार करण्यासारखा काय हा तेच माका कळना नाय.

---

निळी_छत्री

माझा अगदी बेसिक प्रश्न, मला मासळी फक्त ताटातली माहिती. देशाला कोटा म्हणजे कोण देतं? आणि चोर सापडले होते ना, मग देशाला कशाला शिक्षा?

---

दर्याची_लेक

@निळी_छत्री, बेसिक नाही, तिथेच खरी मेख आहे. दरवर्षी प्रत्येक साठ्यातून एकूण किती टन पकडायचे हे ठरतं. युरोपियन युनियनमध्ये त्यातला प्रत्येक देशाचा टक्का १९८३ पासून ठरलेला आहे, तो सहसा हलत नाही. ब्रिटनमध्ये पुढे तो बोटमालकांच्या संघटनांना मिळतो आणि संघटनेत प्रत्येक बोटीच्या नावावर युनिट, म्हणजे कोट्यातले वाटे, असतात. बहुतेक युनिट १९९४ ते ९६ या तीन वर्षांत कोणी किती मासळी मारली त्यावरून पडलेत. एखाद्याचे आजोबा त्या तीन वर्षांत दणकून मासळी मारत होते म्हणून नातू आज श्रीमंत, असं सगळं.

ब्रुसेल्सला, म्हणजे युरोपियन युनियनला, बोट दिसत नाही, त्यांना देश दिसतो. त्यांचं म्हणणं की देखरेख करायची जबाबदारी तुमची होती, ती तुम्ही केली नाहीत, आता तुमच्या खात्यातून वजा. घरात कसं वाटून घ्यायचं ते तुमचं तुम्ही बघा.

---

कोष्टक

चांगला धागा. थोडे आकडे टाकतो कारण आकड्याशिवाय हा विषय नुसता भावनेवर जातो.

परतफेड नेहमी जेवढ्यास तेवढी नसते. युरोपियन युनियनच्या २००९ च्या नियंत्रण नियमात गुणक आहेत. कोट्यापेक्षा १० ते २० टक्के जास्त मारली तर १.२ पट कापतात, २० ते ४० ला १.४ पट, ४० ते ५० ला १.८ आणि ५० टक्क्यांच्या वर गेलात की थेट दुप्पट. स्पेनचं उदाहरण घ्या, २०१० मध्ये मॅकरेलचा कोटा होता २४,६०४ टन आणि त्यांनी वर आणखी १९,६२१ टन मारली, म्हणजे जवळजवळ ८० टक्के जास्त, म्हणून दुप्पट, ३९,२४२ टन. एकदम कापली असती तर उत्तर किनाऱ्यावरची बंदरंच बंद पडली असती म्हणून पाच वर्षांवर पसरली, २०११ ला ४,५०० टन, २०१२ ला ५,५०० आणि मग पुढची तीन वर्षं साधारण पावणेदहा हजार. स्पेन कोर्टात गेला आणि हरला. मधल्या काळात २००९ सालची जास्तीची मासेमारीही निघाली आणि तिची फेड २०२३ पर्यंत लांबवली.

विचार करा, २००९ मध्ये जो पोरगा शाळेत होता तो २०२२ मध्ये स्वतःची बोट घेऊन समुद्रात गेला तर त्याच्या वाट्यातून ती मासळी वजा होतेय. त्यामुळे "ज्यानं खाल्लं त्यानं भरावं" हे ऐकायला बरोबर आहे पण तेरा वर्षांनी खाणारा सापडायचा कुठे?

---

बोंबील_फ्राय

वाचतोय. स्पेनचं माहीतच नव्हतं.

---

सागरवेडा

धागाकर्तीचा मुद्दा पटतो पण पूर्ण नाही, आणि कारण सांगतो, रागावू नका ताई.

तुमच्याच धाग्यातल्या तारखा बघा. धाडी २००५. परतफेड २००७ ते २०१२. आणि ग्लासगोच्या हाय कोर्टात सतरा तांडेल आणि शेटलंडच्या कारखान्याला दंड झाला तो फेब्रुवारी २०१२ मध्ये! म्हणजे कोर्टानं "हे दोषी" असं म्हणेपर्यंत परतफेडीचं शेवटचं वर्ष चालू झालेलं. मग २००७ मध्ये कोणाच्या वाट्यातून कापणार होते? आरोप झाला म्हणून कापायचं? उद्या तुमच्या बाबांवर कोणी खोटा आरोप केला तर त्यांच्या बोटीचं डिझेल बंद केलेलं चालेल का? आणि मासळी काही कोर्टाच्या तारखेला थांबत नाही. साठा घटलाय तर आत्ता कमी मारावी लागते, सहा वर्षांनी नाही.

अजून एक, न दाखवलेल्या मासळीनं शास्त्रज्ञांचं गणितही चुकतं. ते उतरवलेल्या मालाच्या नोंदी धरतात, शिवाय मॅकरेलची अंडी दर तीन वर्षांनी समुद्रात मोजतात, त्यावरून साठा किती ते ठरतं. नोंदीच खोट्या म्हटल्यावर पुढच्या सगळ्या वर्षांचा कोटा चुकीच्या पायावर ठरतो. ते नुकसान कुठल्या एका बोटीच्या खात्यात टाकणार?

---

मालवणी_झील

तारखांचा बरोबर हा. पण मगे काय, चोर सोडून संन्याशाक फाशी?

---

डोनेगलचा_पाऊस

मी आयर्लंडमध्ये आहे, आयटीतला माणूस, पण सासरा (हो, आयरिश बायको) किलीबेग्ज या मासळीच्या बंदरातला, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर हा विषय दर नाताळला असतो.

आमच्याकडे मॅकरेलचा कोटा असा वाटलाय की २३ मोठ्या टाकीवाल्या बोटींना ८७ टक्के आणि २७ लहान, सगळ्या प्रकारची मासळी मारणाऱ्या बोटींना मिळून १३ टक्के. सासरेबुवा तेरावाल्यांपैकी होते. त्यांचं म्हणणं असं की सरसकट टक्क्यानं कापलं की कागदावर सगळ्यांना सारखं दिसतं, पण ज्याचा कोटा हजारो टनाचा आहे तो दोन फेऱ्या कमी करतो, आणि ज्याचा हिवाळ्याचा आधारच ती दीडशे-दोनशे टन मासळी आहे त्याचा बोटीचा हप्ता चुकतो. सारखा टक्का म्हणजे सारखा भार नव्हे. मला ते पटतं, मी पाहिलंय त्यांना त्या वर्षांत बोट विकायचा विचार करताना.

आणि २०१८ मध्ये इथे युरोपियन कमिशनचं ऑडिट आलं, किलीबेग्जच्या वजनाच्या पद्धतीत गडबडी निघाल्या आणि २०२१ मध्ये कारखान्यात वजन करायची सवलतच काढून घेतली. मग मासळी धक्क्यावर, उघड्यावर, पाणी काढून तोलायची आणि परत ट्रकमध्ये भरायची. मॅकरेल किती नाजूक असतो ते ताईंना विचारा. गडबड कोणीही केलेली असो, माल सगळ्यांचाच मऊ पडला.

---

दर्याची_लेक

@डोनेगलचा_पाऊस, खरंय हो, मॅकरेल पाण्याबाहेर काढून दोनदा हाताळला की पोटाकडून फुटतो, मग तो जपानला जायचा माल मांजराच्या डब्यात जातो. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

@सागरवेडा, रागावले वगैरे नाही, उलट दिवसभर तुमच्याच प्रतिसादाचा विचार करत होते. तारखांचा मुद्दा मला खोडता येत नाही. पण म्हणून "सगळ्यांनी भरलं, विषय संपला" हेही गळ्याखाली उतरत नाही. २०१२ मध्ये दंड झाला तो पौंडांत झाला, सगळ्यांचा मिळून १० लाखांच्या आतबाहेर, नफ्याची जप्ती वेगळी. तो पैसा सरकारच्या तिजोरीत गेला. ज्या प्रामाणिक बोटीनं सहा वर्षं कमी मासळी मारली तिला त्यातला एक पेनीही परत मिळाल्याचं मी इथे कोणाकडून ऐकलेलं नाही.

---

खाडीपल्याड

पहिल्यांदाच लिहितोय इथे, चुकलं तर सांभाळून घ्या. मी रायगड जिल्ह्यातला, घरची एक बोट आहे, भावाच्या नावावर. आपल्याकडे मासळीचा कोटा नाही, पण डिझेलचा कोटा आहे आणि तो मच्छीमार सोसायटीमार्फत येतो, त्यावरच्या कराचा परतावाही सोसायटीमार्फतच. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीतल्या तीन बोटी पावसाळ्यातल्या बंदीच्या काळात बाहेर गेल्या, आणि एकीवर मासळी गोळा करायला एलईडी लाइटचा सेट पण होता, सगळ्या बंदराला माहीत होतं, आणि नंतर कागदपत्रांची चौकशी लागली ती सोसायटीवर लागली. पूर्ण सोसायटीचं डिझेल अडकलं. आमची बोट ३१ मे ला वर काढलेली, जाळी माळ्यावर, भाऊ घरात बसून जाळं विणत होता तरी ऑगस्टमध्ये सगळ्यांच्या बोटी सुटल्या आणि आम्ही बाहेरच्या पंपावर पूर्ण भावानं डिझेल भरून गेलो, तेही उधारीवर, आणि पहिल्या दोन फेऱ्यांत बर्फाचेपण पैसे सुटले नाहीत. वहिनीच्या पाटल्या गेल्या त्यात. त्या तीन बोटीवाले? त्यांच्याकडे बंदीतल्या मासळीचा पैसा होता, त्यांना काय फरक पडतो.

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, आमच्याकडे सुकं राहिलं आणि ओलंच जळलं.

म्हणून मला हे स्कॉटलंडचं वाचून एकदम आपलं वाटलं. चेअरमनला विचारलं तर म्हणाला नियमच तसा आहे, सोसायटी एक आहे.

---

निळी_छत्री

@खाडीपल्याड, वाचून वाईट वाटलं दादा. लिहीत राहा.

---

वेळेवर_भरती

आपल्याकडे कोटा नाही हे खरं पण कपात आहे, फक्त ती कोणी लिहून देत नाही. १ जून ते ३१ जुलै ६१ दिवस बंदी सगळ्यांना. पर्ससीनला (अख्खा थवा घेरून उचलणारं मोठं जाळं) २०१६ च्या आदेशानं सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच परवानगी, एलईडी लाइटवर २०१७ पासून केंद्राचीच बंदी. हे सगळं मोडून कोणी बांगड्याचे थवेच्या थवे उचलले की पुढच्या मोसमात रापणीत, गिलनेटमध्ये काही येत नाही. ती कपातच झाली की, आणि ती सगळ्यात आधी किनाऱ्याजवळच्या होडीवाल्याच्या ताटातून होते कारण त्याला लांब जाता येत नाही. युरोपात निदान कोणाचे किती टन गेले ते कागदावर असतं, भांडायला आकडा असतो. आपल्याकडे होडीवाला भांडणार कशाच्या आधारावर?

---

कोष्टक

@वेळेवर_भरती +१, आकडा असणं हीच निम्मी लढाई.

@दर्याची_लेक, @सागरवेडा, तुमच्या दोघांच्या मधला रस्ता मला सुचतोय, बघा पटतो का. जमिनीवर कर्ज असेल तर सातबाऱ्यावर बोजा चढतो ना, जमीन विकली तरी बोजा जमिनीबरोबर जातो, तसं करायचं.

समजा १०० टन फेडायचेत आणि चार बोटी आहेत, कोट्याप्रमाणे त्यांचा वाटा ४०, ३०, २०, १०. साठा वाचवायला पहिल्या वर्षापासून कापायलाच हवं, त्यामुळे आत्ता सगळ्यांचं कापा. पण प्रत्येकाचं किती कापलं ते उसनं म्हणून लिहून ठेवा. पाच वर्षांनी कोर्टात सिद्ध झालं की ४० वाल्यानंच सगळं केलं, की बाकीच्या तिघांचे ३०, २० आणि १० टन ४० वाल्याच्या कोट्यातून त्यांना परत, टनाला टन, पैसे नाही. आणि बोजा युनिटवर असल्यामुळे त्यानं मधेच बोट आणि युनिट विकली तरी घेणाऱ्याला दिसेल की यावर फेड बाकी आहे, तो त्याप्रमाणे किंमत कमी देईल.

---

सागरवेडा

हे चांगलं आहे. माझा वेळेचा आक्षेप यात सुटतो. दोन गोष्टी राहतात. एक, विकत घेणाऱ्याला चौकशी सुरू आहे हे आधी कळलं पाहिजे, नाहीतर ज्यानं प्रामाणिकपणे कर्ज काढून युनिट घेतले त्याच्यावर नंतर बोजा चढला तर तोही संन्याशीच. म्हणजे धाड पडली त्या दिवशीच नोंद व्हायला हवी. दोन, डोनेगलवाल्यांचा मुद्दा, लहान बोटींना काही टनांपर्यंत हातच लावायचा नाही.

---

डोनेगलचा_पाऊस

दुसऱ्यासाठी धन्यवाद. आणि खलाशांचं काय? इथे खलाशाला मासळीच्या विक्रीतला वाटा मिळतो, पगार नाही. कपात मालकाच्या कोट्यात दिसते पण घरी कमी पैसे खलाशी नेतो, आणि खोटं वजन त्यानं थोडंच लावलेलं असतं.

---

दर्याची_लेक

खलाशांचा मुद्दा मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवा होता, माझे बाबा वीस वर्षं खलाशी होते आणि मीच विसरले. इथल्या मॅकरेलच्या मोठ्या बोटींवर बहुतेक घरातले, गावातलेच लोक असतात, सगळे वाट्यावर. आपले भारतीय, फिलिपिनो खलाशी जास्त करून झिंगे आणि कॉड-हॅडॉकच्या बोटींवर असतात आणि त्यांना बांधलेला पगार असतो, पण फेऱ्या कमी झाल्या की करार पुढे वाढवत नाहीत, घरी पाठवतात. पीटरहेडच्या बंदरावर मला तामिळनाडूचा एक मुलगा भेटला होता, त्याला हेच झालं होतं, मॅकरेलशी त्याचा संबंधही नव्हता, त्याच्या मालकाचा वेगळ्याच मासळीचा कोटा कमी झाला होता.

@कोष्टक, बोज्याची कल्पना मला फार आवडली. मी माझं मत बदलते, निदान अर्धं. आत्ता सगळ्यांनी भरा, पण ते उसनं आहे असं लिहून भरा. लहानांना सोडा. आणि नोंद पहिल्या दिवसापासून उघडी ठेवा, बंदरावर फळ्यावर लावा. २००५ मध्ये इथे मासळीची पहिली विक्री करणारे आणि घेणारे दोघांचीही नोंदणी सक्तीची झाली, म्हणजे विकणाऱ्याचा आकडा आणि घेणाऱ्याचा आकडा जुळवून बघता येतो. आमच्या शिफ्टचे जुने लोक सांगतात की ब्लॅक फिश खरी आटली ती त्यानंतर, दंड तर पुढे सात वर्षांनी झाला. म्हणजे बोटीगणिक हिशेब ठेवता येतो, फक्त ठेवायची तयारी पाहिजे.

---

खाडीपल्याड

ताई एक विचारू का. आमच्या सोसायटीची सभा आहे पुढच्या रविवारी. तुम्ही लोकांनी जे ठरवलंत वर, बोटीगणिक नोंद, आणि ज्याच्यावर गुन्हा त्याच्याच बोटीचं डिझेल थांबवायचं, बाकीच्यांचं अडकलं तर ते त्याच्याकडून वसूल, हे मराठीत ठरावासारखं लिहून मिळेल का? मला बोलता येतं पण लिहिलेलं असलं की चेअरमनला उडवून लावता येत नाही. भाऊ म्हणतोय तीस-पस्तीस बोटीवाले सह्या देतील.

---

कोष्टक

मी कच्चा मसुदा करतो आज रात्री. सोसायटीत एकूण बोटी किती, त्यात तीन सिलिंडरच्या किती आणि सहाच्या किती, आणि त्या वेळी प्रत्येकीचं किती लिटर अडकलं एवढं कळवा.

---

खाडीपल्याड

बोटी ६४. लिटरचा हिशेब भावाच्या वहीत आहे, तो आत्ता समुद्रात आहे, परवा पहाटे येईल. आला की टाकतो.

---

दर्याची_लेक

वहीच्या पानांचे फोटो काढून ठेवा दादा, तारखेसकट, आणि एक प्रत दुसऱ्या कोणाच्या तरी घरी ठेवा. मसुदा झाला की मी सोप्या भाषेत करून देते. आता शिफ्टला जाते, दोन बोटी आहेत आज.